घाटातल्या देवळाचा दिवा

घाटाच्या वळणावर गॅसचा टँकर कलंडला होता. त्याची फुसफुस देवळापर्यंत ऐकू येत होती. हवालदारानं सगळ्या गाड्या बंद करायला लावल्या, चहावाल्याची चूल विझवली आणि आम्हाला वरच्या अंगाला पिटाळलं. जळत उरला होता तो फक्त गाभाऱ्यातला नंदादीप.

"गुरवकाका, दिवा शांत करा. वारा इकडंच येतोय," हवालदार गाभाऱ्याच्या दारातून म्हणाला.

"माझ्या आज्यानं लावलाय रे हा."

"ठाऊक आहे काका. माझी आईपण तेल घालते त्यात."

एरवी जिच्यापुढं हात जोडतो, त्या एवढ्याशा ज्योतीची मला भर दुपारी भीती वाटली. गुरवांनी तीर्थात बोटं भिजवली आणि वात चिमटली.

चढताना मी मागं पाहिलं. आजवर आम्ही देवाच्या भरवशावर हा घाट उतरलो. आज देव आमच्यासाठी अंधारात बसला होता.