बेटावर राहिलेला आचारी

तिला सगळे सुई म्हणतात. हे नाव नणंदेनं ठेवलं, लग्न होऊन आली त्याच आठवड्यात. "अंगानं बारीक, बोलली तर टोचते, आणि एकदा हरवली की घर पालथं घातलं तरी सापडत नाही," असा नणंदेचा खुलासा. हरवते म्हणजे बसल्या जागी. हातातला घास तोंडाशी आलेला असतो आणि बाई भलतीकडेच.

सुईचा धंदा रफूचा. बाजाराच्या मागल्या अंगाला, किल्लीवाला आणि घड्याळवाला यांच्या मधे दुकान आहे. दुकान म्हणायचं म्हणून. दोन माणसं आत असली तर तिसऱ्यानं श्वास बाहेर जाऊन घ्यावा. पुढे फळीवर नणंद बसते. कपडे घेते, कपडे देते आणि मधल्या वेळात गिऱ्हाइकाला उभं-आडवं सोलते. मागे खिडकीच्या उजेडात सुई. गिऱ्हाइकं नणंदेला आक्का म्हणतात, सुई वन्सं म्हणते.

"कोटाला भोक कसं पडलं?" वन्सं विचारणार.

"काय माहीत आक्का, आपोआपच पडलं."

"आपोआप केस पिकतात. भोक पाडावं लागतं. सिगारेट सोडली असं बायकोला सांगितलंय ना? मग कोट धोब्याकडे दिलाय म्हणा, आणि परवा या."

गिऱ्हाईक लाजतं, हसतं आणि पुढल्या भोकाला परत इथंच येतं. मागे सुई मान खाली घालून टाका घालत असते, पण कान फळीवर असतो. वन्संच्या तोंडून निसटलेलं वाक्य ती खाली पडू देत नाही. ते कुठे लावायचं हे तिनं ठरवलेलं असतं.

कारण सुई दुसरंही एक रफूचं काम करते.

काही वर्षांपूर्वी टीव्हीवर एक जहाजाची मालिका लागायची. रुबाबदार कप्तान, हुशार डॉक्टरीण, वादळं, चाचे, सगळा मसाला होता. लोक कप्तानावर जीव टाकायचे. सुईचं लक्ष मात्र जहाजावरच्या आचाऱ्याकडे. तो दारातून डोकावायचा, करवादायचा आणि परत आत जायचा. सगळ्या मालिकेत त्याच्या वाट्याला मोजून चार-पाच वाक्यं. त्यातलं एक, "माझी पळी कोणी नेली?" आणि दुसरं, जेवायला उशिरा येणाऱ्यांना ऐकवायचं, "गार झालं तर मला विचारू नका."

दुसऱ्या भागात जहाज पाणी भरायला एका ओसाड बेटाशी थांबलं. आचारी पळी कमरेला खोचून सरपण बघायला वर चढला. तेवढ्यात वादळ आलं, कप्तानानं घाईनं नांगर उचलला आणि आचारी बेटावर राहिला. पुढच्या भागात जहाजाच्या चुलीपुढे नवाच माणूस उभा! जुना कुठे गेला, हे ना कप्तानानं विचारलं, ना डॉक्टरणीनं. मालिका संपली तरी नाही.

लोक विसरले. सुई कशी विसरणार? तिच्या डोळ्याला भोक आधी दिसतं, कापड मागाहून. पानात वाढलेलं सोडून ती म्हणाली, "अहो, तो तिथं खात काय असेल?"

"कोण?" नवऱ्यानं दचकून विचारलं. नवरा वायरमन आहे. त्याला वाटलं, एखादं गिऱ्हाईक उपाशी आहे.

फोनवर एक जागा असते. लोक आपल्या आवडत्या मालिकेची पुढची गोष्ट स्वतःच लिहून तिथं टाकतात, दुसरे वाचतात, भांडतात, वाहवा करतात. सुईनं तिथं बेटावरच्या आचाऱ्याची गोष्ट लिहायला घेतली. टाक्यांनी तिच्या तर्जनीचं टोक इतकं निबर झालंय की फोन त्या बोटाला ओळखच देत नाही. म्हणून ती करंगळीनं लिहिते. बघणाऱ्याला वाटतं बाई फोनला गुदगुल्या करतेय.

रफूचा एक कायदा आहे. धागा बाहेरून आणायचा नाही. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून, दुमडीतून, जिथं कोणाची नजर जात नाही तिथून काढायचा आणि भोक भरायचं. बाजारातून कितीही जुळता रंग आणा, उन्हात गेला की दगा देतो. सुई लिहितानाही हाच कायदा पाळते. मालिकेत जे दाखवलं त्याच्याविरुद्ध एक अक्षर लिहायचं नाही. तिनं आचाऱ्याला बेटावर शूर केलं नाही, शहाणा केला नाही. खलाशांवर करवादायचा तसाच तो तिथल्या खेकड्यांवर करवादतो. एका भागात खेकडा पळी ओढून नेतो आणि आचारी त्या ओसाड किनाऱ्यावर कंबरेवर हात ठेवून ओरडतो, "माझी पळी कोणी नेली?" वाचणारी माणसं तिथं हसून लोळली.

एकदा मात्र तिनं त्याला पोहायला लावलं. एका वाचकानं लगेच कान धरला, "सुईताई, पहिल्या भागात तो पाण्याला भितो." बरोबर होतं. तिनं ते सगळं प्रकरण उसवलं आणि नव्यानं घातलं. चुकलेला टाका राहू दिला की पुढची सगळी वीण चळते.

पण चार-पाच वाक्यांच्या सुतावर माणूस कुठवर विणणार? धागा संपला. मग तिनं दुसरी शिवण शोधली, घरातली.

संध्याकाळी वायरमन नवा भाग मोठ्यानं वाचून दाखवतो. वन्संना बारीक अक्षर दिसत नाही आणि चष्मा लावला की म्हातारं दिसतं असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशी आचारी खेकड्याला सुनावत होता, "आडवा चाल, वाकडा चाल, पण माझ्या दारात थांबून माझ्याच पातेल्याला नावं ठेवू नकोस."

"थांब रे," वन्सं म्हणाल्या. "हे मी किल्लीवाल्याला बोलले होते."

सुईनं मान खाली घातली. "हो वन्सं."

"मग खेकड्याच्या गळ्यात का बांधलंस?"

"किल्लीवाला बेटावर नाही ना."

वायरमन फोनआड तोंड लपवून हसत होता. वन्संनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याचं हसू वितळून गेलं. मग वन्सं म्हणाल्या, "ठीक आहे. पण माझा माणूस भांडणात हरता कामा नये. सांगून ठेवते."

तेव्हापासून तो 'माझा माणूस' झाला. आपल्या तोंडचं वाक्य गोष्टीत आलं नाही तर वन्सं फुगायच्या. आलं, तर "नीट घातलं नाहीस" म्हणून फुगायच्या. कधी गिऱ्हाइकाला फटकारून झालं की मागे वळून हळूच विचारायच्या, "घेतलंस?" आणि सुई सुईत दोरा ओवत म्हणायची, "घेतलं."

असं सगळं रांगेला लागलेलं असताना बातमी आली. जहाजाची मालिका पुन्हा सुरू होणार, तोच कप्तान, तीच डॉक्टरीण. आणि पहिल्याच भागात जहाज त्या बेटावर जाणार.

वाचकांनी उड्या मारल्या. सुईचा हात थांबला.

"लिही की," वायरमन म्हणाला. "त्यांचं त्यांच्यापाशी, आपलं आपल्यापाशी."

"तसं नसतं हो. कपडा त्यांचा आहे. आपण फक्त भोक भरतो. त्यांनीच ठिगळ आणून लावलं तर आपला धागा काढावा लागतो."

म्हणजे तिच्याच कायद्यानं ती बांधली गेली होती. ते म्हणतील आचारी राजा झाला, तर राजा. ते म्हणतील मेला, तर मेला. मग बेट, खेकडे, वन्संची वाक्यं, सगळं उसवायचं. पुढले दिवस तिनं नुसते गिऱ्हाइकांचे कपडे केले. काम सुरेख झालं, पण ताटावर बसली की ती पूर्ण ताट जेवायची. वायरमनला तेच खटकायचं.

पहिला भाग लागायचा त्या दिवशी वन्सं केस नीट विंचरून टीव्हीपुढे बसल्या, जसं काही त्यांनाच पडद्यावर यायचं होतं. चष्माही लावला.

बेट आलं. कप्तान वाळूतून चालत वर गेला. खडकांच्या कडेला एक थडगं होतं. वर गोल गोल दगड ओळीनं रचलेले आणि डोक्याशी पळी रोवलेली. कप्तानानं टोपी काढली, डॉक्टरणीनं डोळे पुसले. कप्तानानं पळी उपटून छातीशी धरली, जहाज निघालं आणि लगेच साबणाची जाहिरात.

"एवढंच?" वायरमन म्हणाला.

वन्सं उठून आत गेल्या आणि कितीतरी वेळ आतून भांड्यांचा आवाज येत राहिला. घासायला एकही भांडं शिल्लक नव्हतं, हे सुईला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात वन्सं सुईशी बोलत नव्हत्या. जणू थडगं हिनंच खणलं. सुईच्या मांडीवर एक लोकरी शाल होती, कसरीच्या किडीनं चाळण केलेली. मनात ती वाचकांना लिहायचं वाक्य जुळवत होती, गोष्ट इथं संपली म्हणून. ते काही जुळेना.

किल्लीवाला डोकावला. माणूस भला, पण वेळ बघून बोलणं त्याच्या पत्रिकेत नाही. "आक्का, काल बघितलं मी. गेला बिचारा तुमचा आचारी."

"गेला म्हणे!" इतका वेळ कोंडलेलं वन्संचं तोंड सुटलं. "त्याच्या मरणाचं मला काही नाही, मरायचं सगळ्यांनाच. पण थडगं बघितलंस का? दगड कसे, दुकानात लिंबं मांडावीत तसे! बेटावर हा एकटा. दुसरं चिटपाखरू नाही. मग मेल्यानं आधी स्वतःला पुरलं, मग वर येऊन दगड रचले, पळी रोवली, हात झटकले आणि परत आत जाऊन झोपला वाटतं? भलताच नेटका मुडदा!"

किल्लीवाला हसून हसून फळीला टेकला.

सुईची सुई हवेत थांबली. "वन्सं, परत बोला."

"एकदा बोलले ते बोलले. मी काय टेप आहे?"

"नाही, पण खरंच. पुरलं कोणी?"

वन्संनी वळून बघितलं. सुई हरवली होती. शाल मांडीवर, सुई बोटात, डोळे उघडे आणि बाई बेटावर. वन्संनी किल्लीवाल्याला हातानंच हाकललं आणि फळीवर नीट सरकून बसल्या, येणाऱ्याला मागचं काही दिसू नये अशा बेतानं. त्यानंतर जे गिऱ्हाईक आलं त्याला त्यांनी कुजबुजत झापलं.

सुई भोकाच्या कडा चाचपत होती. मालिकेनं काय दाखवलं? थडगं. आत कोण आहे ते दाखवलं का? नाही. तो मेला असं कोणी बोललं का? नाही, टोपी काढली फक्त. म्हणजे विरुद्ध काही जात नाही. बेटावर एकच माणूस, दगड रचायला येणारा एकच माणूस. मग त्यानं रिकामं थडगं का रचावं?

इथं ती अडली. हुशारीचा डाव आचाऱ्याला शोभत नव्हता. तो बाहेरचा धागा झाला असता. तिनं त्याची जुनी वाक्यं एकेक करून ओढून बघितली आणि एक अलगद हाताला आलं.

लिहून व्हायला दोन दिवस लागले. शालीचं गिऱ्हाईक मधेच येऊन गेलं. वन्संनी त्याला सांगितलं, "कसरीला वर्ष लागलं खायला, आम्हाला दोन दिवस तरी द्या."

मग संध्याकाळी ताटं वाढून झाल्यावर वायरमननं वाचायला घेतलं. आचारी खडकावर बसून मासा भाजतोय. लांबवर शीड दिसतं. तो ओळखतो. वर्षानुवर्षं ज्या शिडाची वाट बघितली तेच. तो उठतो, दोन पावलं उताराकडे टाकतो आणि थांबतो. मासा बघतो, खेकडे बघतो, आपल्या हातानं लावलेली भाजी बघतो. मग खाली जाऊन भराभर वाळू उकरतो, ढीग करतो, दगड रचतो. जरा वाकडे बसलेले परत नीट करतो, कारण वाकडं त्याला खपत नाही. वर पळी रोवतो आणि खडकांआड जाऊन बसतो. कप्तान येतो, टोपी काढतो, डॉक्टरीण डोळे पुसते. आचारी बघत राहतो. आणि ती दोघं पाठमोरी झाल्यावर स्वतःशीच पुटपुटतो, "गार झालं. आता मला विचारू नका."

वायरमननं फोन खाली ठेवला.

सुईनं वन्संकडे बघितलं. गालातल्या गालात काहीतरी चावत असल्यासारख्या त्या बसल्या होत्या.

"मी असते तर जहाजावर गेले असते," त्या म्हणाल्या. "त्या कप्तानाला एकदा दाढेखाली धरलाच असता. पण जाऊ दे, माणूस आहे त्याचा त्याचा. हरला नाही ना?"

"नाही वन्सं."

"मग टाक लोकांसमोर."

सुईनं करंगळी उचलली आणि गोष्ट पाठवून दिली. तेवढ्यात वन्सं ताडकन सरळ झाल्या.

"अगं ए! पळी तर कप्तानानं नेली ना?"

"नेली."

"जगात होती नव्हती ती एकच पळी. छातीशी धरून घेऊन गेला मेला. आता हा ढवळणार कशानं? करंगळीनं?"

घास सुईच्या तोंडाशी थांबला होता. वायरमननं ते बघितलं, तिच्या ताटावर झाकण ठेवलं आणि आपलं जेवायला लागला.