निळीचा पंजा

हुतूतूचा डाव रंगला की सगळं मैदान चढाईच्या गड्याकडे बघायचं. नीळचाचा तिकडे बघायचेच नाहीत. मधल्या रेघेशी उकिडवे बसून ते त्याच्या मागे उरलेल्या आठ जणांचे हात बघत. म्हणत, "धरनारे तर सामनेच हायेत, त्यांचं काय बघायचं बे? बघायचं आपल्यांचं."

चाचा धंद्याने रंगरेज. सिरसाळ्याच्या अलीकडच्या आमच्या गावात त्यांचे निळीचे रांजण होते आणि यात्रेतल्या हुतूतूचे पंच वर्षानुवर्षे तेच. नियम जुना होता. चढाईला गेलेला गडी पकडला गेला तर दम न सोडता त्याने स्वतःच रेघ शिवायची. शिवली तर जिता, नाही तर मेला. आपल्या माणसांनी त्याला ओढायचं नाही, मागून रेटायचं नाही, धोतराचा सोगासुद्धा पुढे करायचा नाही. केला तर तो मेला आणि मदत करणाराही मेला. हे सगळ्यांना पाठ होतं आणि पाळत कुणीच नव्हतं. दर यात्रेत दोन-चार डोकी फुटायची.

मग चाचांनी आपल्या धंद्यातलाच उपाय काढला. डावाआधी एका बाजूचे हात निळीत बुडवायचे, दुसऱ्या बाजूचे हळदीत. पाठीवर परका रंग आला तर ती पकड. आपलाच रंग आला तर चोरी. "सोताच्या पाठीवर सोताचा पंजा कोन उमटवतो?" असं ते विचारत. यात्रेनंतर आठवडाभर बाया करवादायच्या, कारण निम्म्या गावाच्या भाकरीला निळी बोटं लागलेली असायची.

एकदा माझ्या चुलतभावाने मला खांद्याला धरून ओढलं. चाचांनी दोघांनाही बाहेर काढलं. मी संतापून म्हणालो, "चाचा, एवढंसं बोट लागलं!" ते हसले. "बेटा दत्तू, धरला तर धरला. दम असंल तर साऱ्यांना घेऊन रेघंपस्तोर ये. मागून वढून काढला तर खेळ कसला? चिखलात फसलेला बैल काढनं झालं ते."

शेवटच्या वर्षी जागीरदाराचा पुतण्या निळीच्या बाजूने उतरला. आम्ही हळदीचे. तो चढाईला आला आणि मी त्याची कंबर धरली. माझं तोंड त्याच्या पाठीला घासत होतं. तेवढ्यात त्याच्या दोघा गड्यांनी रेघेवरून वाकून त्याच्या पाठीला पंजे घातले आणि त्याला ओढून नेलं. टाळ्या पडल्या. चाचा उठले. "मेला. ते दोघं बी मेले."

"कावून बे, रंगाऱ्या?" पुतण्याने विचारलं.

"पाठ दाखवा, सरकार."

पाठ वळली. दोन निळे पंजे, पाची बोटांसकट. मैदान हसलं. ते हसणंच चाचांना भोवलं.

तिसऱ्या दिवशी चावडीत बोलावणं आलं. खोटा निकाल देऊन पुतण्याची बेअब्रू केली, असा आरोप. खोटं बोललो हे भर चावडीत कबूल करा, नाही तर गाव सोडा. साक्षीदार असले तर आणा. चाचा आमच्या अंगणात आले. "दत्तू, तुझं तोंड त्याच्या पाठीला हुतं. दिसलं तेवढंच सांग." मी हो म्हणालो. संध्याकाळी जागीरदाराचा कारभारी येऊन वडिलांशी पेरणीबद्दल बोलून गेला. आम्ही कसत होतो ती जमीन जागिरीची होती. साक्षीबद्दल तो अवाक्षर बोलला नाही.

"पंजा दिसला का?" चावडीत विचारलं.

"धूळ होती," मी म्हणालो. "दिसलं नाही."

आमच्या बाजूचे बाकीचे आठ जण म्हणाले, आमचंही तेच. 'जुलूम' हा शब्द मी पुढे चळवळीच्या पत्रकांतून शंभरदा लिहिला आहे, मोठ्या अक्षरांत, खाली रेघ मारून. त्या दिवशी चावडीत कुणी कुणाला मारलं नाही, दरडावलंसुद्धा नाही. आम्हाला फक्त विचारलं. मला लाज वाटली असं लिहायला हवं. काहीच वाटलं नाही. घरी जाऊन मी जेवलो.

चाचांना पुन्हा विचारलं, खोटं बोललो म्हण आणि राहा. ते म्हणाले, "मेला हुता."

मोमिनाबादला जायला त्यांनी गाडी सांगितली. नीळ नालीत ओतली. मी गेलो तेव्हा रिकामा रांजण गाडीत चढवत होते. मी म्हणालो, "चाचा, माझं चुकलं." त्यांनी वर पाहिलं नाही. "तिकडनं धर. जड हाय." आम्ही दोघांनी तो चढवला. वर्षाच्या आत ते तिकडेच वारले. आम्हाला महिन्याने कळलं.

पुढच्या यात्रेत पंच पुतण्याच होता. हात कुणी कशात बुडवले नाहीत. मी खेळलो. तीनदा पकडला गेलो, तिन्ही वेळा आपल्यांनी मला ओढून काढलं, आणि तिन्ही वेळा पुतण्या म्हणाला, "जिता."