बाबांनी फिरवून लावलेलं घर

लेकीकडे, मुग्धाकडे, दुबईत अल बर्शाला निघताना साड्यांच्या घडीत बाबांचं एक जुनं पत्र ठेवलं. बाबा सावंतवाडीचे सुतार. मी बेळगावला कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये असताना ते आखातात घरं जोडायला गेले. कॅटलॉग पाहून विलायतेहून मागवलेली घरं. फळ्या, दारं, बोल्ट, सगळं नंबर घालून पेटाऱ्यांतून बोटीने यायचं, सोबत नकाशा. बाबांनी लिहिलं होतं, 'नकाशात दार समुद्राकडे होतं. मी एका घराचं पूर्वेला केलं, आपल्याकडे करतात तसं. साहेब रागावला, पण परत खोलायला वेळ नव्हता.'

मी अकरा वर्षांची. ऐटीत इंग्रजीतून उत्तर धाडलं, की सूचना दिलेल्या असतील तर त्या पाळायला हव्यात. बाबांना इंग्रजी येत नव्हतं. कुणाकडून तरी वाचून घेतलं असणार. पुढच्या पत्रांत घरांचा विषय कधी आला नाही.

रविवारी सकाळी मुग्धाने गाडी काढली. ३११ नंबरच्या रस्त्याने शारजा, अजमान मागे टाकत रास अल खैमाच्या बाजूला सव्वा तास. वाटेत करक चहा, दोन दिऱ्हम.

"म्हणजे पन्नास रुपये," मी म्हटलं.

"आई, असं कन्व्हर्ट करत बसलीस तर उपाशी राहशील."

तिकडे जाणार असाल तर पाणी मात्र इथेच घ्या, पुढे दुकान नाही.

बाबांनी घरं जोडली त्या समुद्राकाठच्या जुन्या कंपनी कॉलनीत आता तीनच घरं उरली आहेत. अशी घरं ओळखायला सोपी: बैठा बंगला, उतरतं पत्र्याचं छप्पर, पुढे खोल व्हरांडा, आडव्या पट्ट्यांच्या खिडक्या, आणि ठरावीक अंतरावर फळ्यांचे सांधे. दोन घरं समुद्राकडे तोंड करून. तिसऱ्याची समुद्राकडे पाठ.

राखणदार लालखान पेशावरचा. "अम्मा, फोटो लेना है तो ले लो. ईद के बाद सब तोड़ देंगे, खलास."

"वो तीसरा ऐसा क्यों है?"

"उल्टा घर? किसी मिस्त्री की गलती."

मुग्धाने माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, "आप किसमें रहते हो?"

"उल्टे में. उन दोनों में शमाल सीधा घुसता है, रेत, नमक. दरवाज़े कब के सड़ गए." शमाल म्हणजे समुद्रावरून येणारा वायव्येचा वारा. "इसका देखो, एक उँगली से खुलता है."

मी बोट लावलं. दार उघडलं. चौकटीच्या आत, रंगाखाली, छापलेला नंबर दिसत होता.

"वो मिस्त्री मेरे बाबा थे."

लालखानने उंबऱ्यावरच्या आपल्या चपला बाजूला ठेवल्या. "बैठो, अम्मा."

मी बसले. ऊन पायांवर आलं होतं.

"ही नंबर असलेली चौकटीची पट्टी मागून घेऊ या का?" मुग्धाने हळूच विचारलं.

"नको. सांधा ढिला होईल. ईदपर्यंत त्याला राहायचंय इथे."

सावंतवाडीला परतून महिना झाला. पत्र कपाटात ठेवण्याआधी त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी मराठीत उत्तर लिहिलं, 'बाबा, दार अजून एका बोटाने उघडतं.'

ईद होऊन गेली आहे, हे मला ठाऊक आहे. तरी वाक्य तसंच ठेवलं.