बेबीशी कोणी भांडत नाही

ठाकूरद्वारच्या आमच्या वाडीत भांडायला कारण लागत नाही. वरच्या गॅलरीत वाळत घातलेल्या साडीचं पाणी खालच्यांच्या पापडांवर गळलं, एवढं पुष्कळ होतं. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच महिन्यात शेजारणीशी नळावरून भांडले, आणि त्या दिवसापासून सगळ्यांनी मला आपली मानली. तरी या वाडीत माझ्या नणंदेशी, बेबीशी, कोणी भांडत नाही.

मी सोडून. मी तिच्याशी रोज भांडते. पंखा कितीवर ठेवायचा, बिरड्यात गूळ किती घालायचा, कोणती मालिका लावायची. माझ्या नाकावर राग, आणि ती हट्टी. माझा नवरा रघुवीर, म्हणजे तिचा थोरला भाऊ, आमचे आवाज चढले की पिशवी उचलून भाजी आणायला जातो. त्यामुळे आमच्या घरी भाजी नेहमी जास्त असते.

बेबी आता सत्तावन्नची आहे. पाळण्यातलं नाव आधार कार्डावर आहे, बाकी कोणाच्या तोंडी नाही. खिडकीपाशी बसून ती साड्यांना फॉल लावते, आणि सणासुदीच्या आधी आमच्या बाहेरच्या खोलीत साड्यांचे ढीग पडतात. पंचवीस-सव्वीसची असताना, फोर्टमधल्या एका ऑफिसात टायपिस्ट होती तेव्हा, तिला आवाज ऐकू यायला लागले. दोन-तीन वर्षं फार वाईट गेली. ती मी इथे उगाळत बसणार नाही, तिलाही ते आवडत नाही. मग चांगले डॉक्टर मिळाले, योग्य गोळी मिळाली. आजाराचं नाव स्किझोफ्रेनिया. आमच्या घरात ते नाव ‘मीठ संपलंय’ म्हणावं इतक्या सहज घेतलं जातं.

आवाज अजूनही कधीकधी येतात. “शेजारच्यांचा रेडिओ चालू असतो ना, तसे,” ती सांगते. “लक्ष दिलं नाही तर चालू राहतो बिचारा.” एखाद्या दिवशी जिना चढताना ती त्यांना हळूच उत्तर देते. वाडीला बेबीचं एवढंच दिसतं. तिने लावलेले फॉल अंगावर मिरवतात, पण लक्षात राहतो तो जिन्यातला पुटपुटाट.

आधी लोक तिला बघून पोरांना घरात ओढायचे. पुढे पोरं मोठी झाली, त्यांच्या बायकांच्या साड्या बेबीकडे यायला लागल्या आणि ओढाओढ थांबली. पण तिच्या जागी जे आलं त्याने माझं डोकं जास्त फिरतं. सगळे तिच्याशी गोड बोलतात. फॉल उलटा लागला तरी “असू दे हं, छानच झालाय.” ती म्हणाली आज सोमवार, तर मंगळवार असला तरी “हो हो, सोमवारच.” एकदा तिने मुद्दाम पहिल्या मजल्यावरच्या पापडांवर ओली चादर पिळली. खालून आवाज आला, “राहू दे गं बेबी, काही हरकत नाही.” ती घरात येऊन पलंगावर बसली आणि म्हणाली, “वहिनी, माझ्यावर कोणी ओरडतसुद्धा नाही.” मला तेव्हा रडू आलं होतं, खोटं कशाला सांगू.

त्यात दुसऱ्या मजल्यावरच्या कमळाबाईंनी नवीनच काढलं. एका नवरात्रात त्यांनी बेबीला जिन्यात “येईल, येईल, आज येईल” असं म्हणताना ऐकलं, आणि त्याच संध्याकाळी त्यांचा रुसून गेलेला जावई परत आला. झालं. बेबीच्या अंगात येतं, असं वाडीभर झालं. ज्या कमळाबाई तिला फ्रॉकात असल्यापासून “बेबे” म्हणायच्या, त्या “बेबीताई, तुम्ही” म्हणायला लागल्या. दारात नारळ घेऊन बायका उभ्या. कोणाच्या मुलीचं लग्न कधी, कोणाच्या मुलाचा व्हिसा कधी.

बेबीने चष्मा काढला आणि सांगितलं, “मला स्किझोफ्रेनिया आहे. रात्री जेवून गोळी घेते. मला जे आवाज येतात त्यांना तुमच्या व्हिसाचं काही माहीत नाही. त्या दिवशी मी फॉलच्या गिऱ्हाइकाची वाट बघत होते.” मग चष्मा परत लावत म्हणाली, “नारळ मात्र ठेवून जा. चटणी करायचीय.”

नारळ राहिले, आणि समजूतही राहिली. निम्मी वाडी तिला घाबरून गोड बोलायची, निम्मी हात जोडून.

आता फुगडीचं सांगते. आजाराच्या आधी बेबी आणि अनुजा ही गिरगावातली नावाजलेली जोडी होती. अनुजा याच वाडीत वाढली, आणि लग्न करून याच वाडीतल्या मागच्या इमारतीत गेली. दोघी शाळेत एका बाकावर, आणि दिवसभर भांडण. माझ्या पहिल्या मंगळागौरीला या दोघींची फुगडी मी पाहिली. पायांचे पंजे जुळवलेले, हात फुलीसारखे धरलेले, मागे झोक देऊन अशा फिरायच्या की वेण्या आडव्या व्हायच्या. थांबल्या की तिथेच भांडण सुरू. तू ओढलंस, तू पाय बाहेर टाकलास. पुढे बेबी आजारी पडली आणि अनुजाही गोड बोलायला लागली. “कशी आहेस? बरी ना? छान.” आणि पुढे चालायची.

मग बेबीने फुगडी माझ्याबरोबर घातली, स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्ट्यांवर. माझे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा तेही बंद पडलं.

यंदा माझ्या मुलीची, उर्वीची, पहिली मंगळागौर आली. लग्न ठरवताना आम्ही तिच्या सासरी बेबीबद्दल सगळं सांगितलं होतं. वाडीतल्या शहाण्यांनी सल्ला दिला होता की आपलं झाकून ठेवा. मी म्हटलं, झाकून ठेवायला ती काय कालची आमटी आहे? विहीणबाई घोडपदेवच्या, माहेर मालवणकडचं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “ता ठीक आसा. पण त्या मासे खातत मां?” खातात म्हटल्यावर लग्न ठरलं.

मंगळागौरीचा हॉल ठरला, पुरणपोळ्या ठरल्या. उर्वीने विचारलं, “आत्या, तुला काय हवं? साडी?” बेबी म्हणाली, “मला रिंगणात फुगडी घालायचीय. सगळ्यांसमोर.”

ही बातमी वाडीत पोचायला वेळ लागला नाही. आदल्या दिवशी वाल सोलायला बायका आमच्याकडे जमल्या, तेव्हा वालांपेक्षा याच गोष्टीची सालं जास्त निघाली. कमळाबाई म्हणाल्या, “बेबीताईंना गौरीजवळ पाटावर बसवू. ओटी भरू. त्यांनी नाचायचं कशाला?”

अनुजा खाली मान घालून वाल सोलत होती. म्हणाली, “पद्मजावहिनी, राग मानू नका. ती गोळ्यांवर आहे. गरगर फिरून डोक्यावर काही परिणाम झाला तर? हल्ली सगळे व्हिडिओ काढतात. तिचंच हसं होईल.”

“डॉक्टरांना विचारलंय तिने,” मी म्हटलं. “ते म्हणाले, पाणी पिऊन घाला, पोटभर जेवून घालू नका. हे तुलाही लागू आहे, अनुजा.”

बेबी आतून ऐकत होती. बाहेर आली, वालाची परात आपल्याकडे ओढली आणि सोलत बसली. “फुगडीला दोघी लागतात,” ती एवढंच म्हणाली. सगळ्यांचे हात वालांवर भरभर चालायला लागले. तिला कोणी ‘नको’ म्हणणार नव्हतं, आणि हातही देणार नव्हतं.

मंगळवारी हॉल फुलला. पूजा झाली, कहाणी झाली, जेवणं झाली. बेबी मोजकंच जेवली, डॉक्टरांचं ऐकून. हिरवी नऊवारी नेसली होती आणि मला दहादा विचारत होती, “काष्टा नीट आहे ना?” दहाव्यांदा मी ओरडले तेव्हा तिला बरं वाटलं.

खेळ सुरू व्हायच्या आधी कमळाबाईंनी तिला धरून नेलं आणि गौरीशेजारी पाटावर बसवलं. तिचं लग्न झालेलं नाही, तरी ओटी भरली. देवीला सगळं चालतं. दोघीतिघी पायाही पडल्या. माझी सून व्हायच्या वयाच्या मुली झिम्मा खेळत होत्या, सुपं नाचवत होत्या, उर्वी घामाघूम झाली होती, आणि बेबी मांडीवर नारळ घेऊन बसली होती. मला दुरून दिसत होतं, नऊवारीखाली तिच्या पायांचे अंगठे ताल धरत होते.

मग फुगडी सुरू झाली. बेबी उठली. ओटीतला नारळ तिने गौरीपुढे ठेवला. “हिचं हिला द्या,” म्हणाली, पदर खोचला आणि रिंगणाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. दोन्ही हात पुढे केले, फुलीसारखे.

टाळ्या विरळ झाल्या. कोणी पाणी प्यायला वळलं, कोणाला फोन आठवला. उर्वीला तिच्या चुलतसासवांनी ओवाळायला बसवलं होतं. ती तिथून उठायला धडपडत होती. मी खुर्चीचा हात धरून उठले, गुडघा कळवळला आणि मी परत बसले. मला इतका राग आला होता की दिसेनासं झालं. बेबीचे हात तसेच पुढे. चेहरा मात्र पडायला लागला होता.

“गे बाय,” मागून आवाज आला. विहीणबाई. अंगाने भरभक्कम, दरवाजाच्या मापाच्या. “माका घेशील? माका कोणच घेणत नाय. वजन बघून पळतत.”

बेबीने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. “तुम्ही सोडणार नाही ना?”

“मी सोडलंय तर तू भिंतीर जाशील,” विहीणबाई म्हणाल्या. “धर घट.”

धरलं. सुरुवातीला दोघी जात्यासारख्या जड फिरल्या. मग वेग आला. टाळ्या परत आल्या, उर्वी ओरडत होती, मीही बसल्या जागी हात बडवत होते. पण विहीणबाई ओढायच्या एका बाजूला आणि बेबीचा तोल जायचा दुसऱ्या बाजूला. सगळं वेडंवाकडं चाललं होतं.

“बेबी, पाय आत घे.” आवाज एवढा खणखणीत होता की पेटीवालीसुद्धा थांबली. अनुजा खुर्चीवरून उठून उभी होती. “लहानपणापासून सांगतेय, पाय बाहेर टाकतेस. जमत नाही तर कशाला घालतेस?”

बेबीला असं कोणी बोलत नाही. कमळाबाईंनी तोंडावर पदर धरला. अनुजाचा चेहरा खर्रकन उतरला.

बेबीने विहीणबाईंना हळूच थांबवलं. त्या डोकं धरून मटकन खालीच बसल्या. सगळ्यांना बेबीच्या डोक्याची काळजी होती, गरगरलं विहीणबाईंचं. बेबी सरळ उभी होती. धापा टाकत म्हणाली, “तुला जास्त कळतं ना? मग ये आणि घाल.”

“तू ओढतेस,” अनुजा म्हणाली.

“तू ओढतेस. नेहमी.”

अनुजाने पर्स माझ्या मांडीवर फेकली, पदर खोचला आणि रिंगणात गेली. पंजे जुळले, हात जुळले. त्या दोघी फिरल्या ते मला शब्दात सांगता येणार नाही. पिकलेले दोन अंबाडे, चष्मा एकीचा उडाला, दुसरीची पिन. मी रडत होते आणि हसत होते, आणि शेजारी बसलेल्या विहीणबाई म्हणत होत्या, “आता कशी बरोबर फिरतत.” थांबल्यावर दोघी एकमेकींना धरून उभ्या राहिल्या आणि तिथल्या तिथे भांडायला लागल्या, कोणाचा पाय बाहेर गेला त्यावरून. त्यानंतर बेबीला श्वास घ्यायला फुरसत मिळाली नाही. शेवटी कमळाबाईसुद्धा पुढे आल्या. “बेबे, मला एकच फेरी. हळू हं, माझी कंबर.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा गाळत होते. खालच्या गॅलरीत कोणीतरी तावातावाने बोलत होतं. मधेच बेबीचाही आवाज वर चढला, एकदा, दोनदा. रघुवीरने सवयीने पिशवी उचलली. मी गॅस बंद करून दाराशी गेले, तोवर बेबी जिना चढून वर आली. हातात एक साडी होती. गाल लाल झाले होते.

“अनुजा आली होती,” ती म्हणाली. “म्हणते, फॉल वाकडा लावलायस. अख्ख्या गॅलरीसमोर बोलली. म्हणते, पैसे देणार नाही, उसवून परत लाव.”

मी साडी उलटून पाहिली. फॉल खरंच वाकडा होता.

“मग तू काय म्हणालीस?”

“मी म्हटलं, तुझी नजर वाकडी.” बेबी खिडकीपाशी बसली, सुईत दोरा ओवला आणि फॉल उसवायला घेतला. “वहिनी, ती पुन्हा संध्याकाळी येणार आहे भांडायला. जरा बरी साडी काढून ठेव माझी.”