पैलवानचा शेवटचा पेपर

पैलवानचा हात तोंडाआधी चालायचा. खोलीवर आली त्याच दिवशी, पाण्यावरून शिवीगाळ करणाऱ्या घरमालकाच्या पुतण्याला तिने कॉलर धरून जिन्यावरून खाली नेलं आणि वर येऊन मला विचारलं, "चहा घेशील का?" ती पेठ तालुक्याकडची. नाशिकला गंगापूर रोडवर आम्ही दोघी एका खोलीत राहायचो, बी.एस्सी.ला एकाच वर्गात होतो. तिचं खरं नाव फक्त हजेरीला ऐकू यायचं.

शिक्षणाचा खर्च तिचा तिलाच भागवायचा होता, म्हणून ती लग्नाच्या लॉन्सवर बाउन्सर झाली. काळा टी-शर्ट घालून बायकांच्या बाजूला उभं राहायचं आणि पिऊन आत शिरणाऱ्याला बाहेर काढायचं. ओठ फाटलेला, कोपर सोललेलं, अशी ती प्रॅक्टिकलला यायची. सरांनी विचारलं तर म्हणायची, "पडले, सर."

लग्नसराई आणि परीक्षा नेमक्या एकाच वेळी यायच्या. केमिस्ट्रीच्या पेपरच्या आदल्या दुपारी एक पाहुणा नवरीच्या बहिणीला ओढत होता. पैलवानने त्याला आडवा केला. पडल्या पडल्या त्याने लोखंडी खुर्ची तिच्या मनगटावर हाणली. हाड मोडलं, उजवा हात प्लास्टरमध्ये गेला आणि वर्षही गेलं. तिच्या जबाबावरून त्या माणसावर केस झाली.

पुढच्या वर्षीही विषय राहिले. मी पास होऊन नोकरीला लागले, तरी ती त्याच खोलीत तीच पुस्तकं वाचत होती.

"सोड ना हे काम," मी म्हणाले.

"मंग फी कोण भरंल? डिग्री उशिरा आली तर येऊ दे. मी कुठं जात नाय."

शेवटी एकच पेपर उरला. त्या सकाळी मी तिला स्कूटीवरून सोडायला गेले. कॉलेजच्या गेटवर तोच माणूस दोन मित्रांना घेऊन उभा होता. काही बोलायच्या आत त्याने लोखंडी गज तिच्या खांद्यावर घातला. दुसरा घाव कानशिलावर बसला. रक्त मानेवरून कुर्त्यात उतरलं. आता ही त्याला फाडणार, म्हणून मी मागे सरकले.

तिने हात उचललाच नाही. बॅग छातीशी धरून, त्याला खांद्याने बाजूला सारून ती आत चालत गेली. वॉचमनने आणि पोरांनी त्या तिघांना पकडलं. मी तिच्यामागे धावले.

"दवाखान्यात चल आधी."

"पेपर झाल्यावर."

"मारलं का नाहीस त्याला?"

"मारलं असतं तर चौकीत बसवलं असतं. आणखी एक वर्ष गेलं असतं."

कानाला ओढणी बांधून तिने पूर्ण पेपर लिहिला. नंतर डॉक्टर म्हणाले, डाव्या कानाने आता ऐकू येणार नाही.

निकाल लागला तेव्हा ती खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. मी शेजारी बसून मोबाइलवर पाहिलं आणि म्हणाले, "पैलवान, पास झालीस." ती घड्या घालतच राहिली. मग माझ्या लक्षात आलं. मी उठून तिच्या उजव्या बाजूला गेले आणि कानाशी पुन्हा सांगितलं.

तिचे हात थांबले.

"परत सांग," ती म्हणाली.