टेंभरे मॅडम आणि आमची दोन नावांची नातसून

आधी तक्रार, मग नमस्कार. या गौरवग्रंथाच्या कमिटीतले सर घरी आले, चहा प्याले आणि म्हणाले, ‘आजी, मॅडमविषयी चार चांगल्या गोष्टी लिहा. फक्त त्यात लघवीबिघवी आणू नका. मोठमोठे लोक वाचणार आहेत.’ मोठे लोक करत नाहीत का? माझ्या नातसुनेची लघवी काळ्या चहासारखी झाली, म्हणून तर मॅडमची आणि माझी ओळख झाली. ती काढली तर लेखात काही उरत नाही. म्हणून ठेवली आहे. खोडायचीच असेल तर लेखासकट खोडा.

आता सर्वांना नमस्कार. मी केशोरीची, तिसरी शिकलेली. डॉ. निर्मला टेंभरे मॅडम गोंदियाच्या एका दवाखान्यात रक्तपेढी सांभाळतात. यंदा त्यांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. दिसत नाहीत, पण कमिटी म्हणते म्हणजे असतील.

काही वर्षांपूर्वी माझी नातसून शीतल त्या दवाखान्यात बाळंत झाली. मुलगा झाला. पण अंगावरून खूप गेलं आणि डॉक्टरांनी रक्त द्यायला सांगितलं. खाटेपाशी मी होते आणि तिची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई. शीतल हे नाव आम्ही लग्नात ठेवलं. दवाखान्याच्या कागदावर तेच, पण माहेरी ती रेखा. आमच्याकडे तशी रीतच आहे. नेमकी पलीकडच्या खाटेवर कोहमाऱ्याची एक बाई होती, तिचंही नाव रेखा. तिचं ऑपरेशन झालं होतं, तिलाही रक्त द्यायचं होतं आणि औषधानं तिला झोप लागली होती.

सिस्टर दोघींच्या रक्ताच्या पिशव्या घेऊन आली आणि विचारलं, ‘रेखा कोण?’ शीतल ग्लानीत होती. विहीणबाई लगेच उठल्या. ‘हे काय, हेच आमची रेखा.’ सिस्टरनं पिशवी लावली.

थोडं रक्त गेलं असेल नसेल, पोरगी थडथड कापायला लागली. ‘आजी, कंबर फुटून राहिली माझी,’ म्हणाली. विहीणबाई म्हणाल्या, ‘बाळंतिणीला हुडहुडी भरतेच.’ मी म्हटलं, ‘मी पाच बाळंतपणं केली, कोणी अशी कापली नाही. सिस्टर, बंद कर ते.’ सिस्टरचा मोठेपणा हा की तिनं वाद घातला नाही. नळी बंद केली, सलाईन लावलं, डॉक्टरला बोलावलं आणि रक्तपेढीत निरोप धाडला.

मॅडम स्वतः आल्या. आधी शीतलच्या कपाळावर हात ठेवला, मग लघवीची पिशवी पाहिली, मग रक्ताच्या पिशवीवरची चिठ्ठी वाचली. शीतलच्या कानाशी वाकून विचारलं, ‘बाई, तुझं नाव काय?’

‘शीतल.’

‘शीतल कायले? रेखा म्हण ना,’ विहीणबाई म्हणाल्या.

मॅडमचा चेहरा बदलला. पण त्या ओरडल्या नाहीत. मागे वळल्या. दुसरी सिस्टर उरलेली पिशवी उरलेल्या बाईची समजून कोहमाऱ्याच्या खाटेपाशी पोचली होती. ‘थांब, ते लावू नको,’ मॅडम म्हणाल्या. ती पिशवी आमच्या शीतलची होती. लागली असती तर तीही बाई अशीच कापत पडली असती. एकीला वाचवायला आलेल्या माणसाला दुसरीची आठवण आधी होते, हे मी त्या दिवशी पाहिलं.

मी मात्र सिस्टरवर तोंड सोडून दिलं होतं. मॅडमनी मलाच आपल्या खोलीत नेलं. शीतलच्या दुसऱ्या दंडातून घेतलेलं ताजं रक्त मशीनमध्ये फिरवलं आणि सकाळी घेतलेल्या रक्ताची नळी शेजारी धरली.

‘आजी, वरचं पाणी पाहा. काय दिसते?’

‘सकाळचं धानाच्या तणशीवानी पिवळं. आत्ताचं पळसफुलाच्या रंगावानी.’

‘बरोबर. दुसऱ्या गटाचं रक्त आत फुटून राहिलं. तोच रंग लघवीत उतरला.’ मग त्यांनी दोघींचे आणि दोन्ही पिशव्यांचे गट स्वतः पुन्हा तपासले. शीतलचा बी, कोहमाऱ्याच्या बाईचा ए. म्हणाल्या, ‘आता तिच्या किडन्या सांभाळायच्या. तुम्ही सिस्टरला शिव्या देण्यापेक्षा लघवी किती होते त्यावर लक्ष ठेवा.’ माझं तोंड बंद करायचं औषध आजवर एवढ्या एकाच डॉक्टरला सापडलं.

शीतलला तिच्या गटाचं रक्त मिळालं, कोहमाऱ्याच्या रेखाला तिच्या. पण जीव टांगणीलाच होता. मॅडम रोज येत, लघवीची बाटली खिडकीच्या उजेडात धरत आणि परत खाली ठेवत. एका सकाळी त्यांनी बाटली जरा जास्तच वेळ धरली आणि हसल्या. ‘आजी, पाहा, तणीस.’ इतकी सुंदर लघवी मी जन्मात पाहिली नाही. मी वॉर्डभर पेढे वाटले, ज्या सिस्टरला शिव्या दिल्या तिला दोन.

त्या सिस्टरला मॅडमनी साहेबांसमोर उभं करून तिचा अपमान केला नाही. तिलाच बरोबर घेऊन वॉर्डात नवी पद्धत लावली. सुई टोचण्याआधी पेशंटलाच नाव विचारायचं, लग्न झालेल्या बाईला दोन्ही नावं विचारायची, आणि चिठ्ठीशी जुळल्याशिवाय हात लावायचा नाही. मला म्हणाल्या, ‘आजी, तुमचंही नाव बदललं असेल.’ ‘बदललं. माहेरचं आता कोण विचारते?’ ‘मी विचारून राहिली ना.’ सांगावं लागलं. इथे लिहिणार नाही.

शीतलचा पोरगा आता शाळेत जातो आणि मास्तरला उलटून बोलतो. माझ्यावर गेला म्हणतात.

मॅडमना भरपूर आयुष्य मिळो, गुडघे शाबूत राहोत, आणि जेवण वेळेवर होवो, कारण ते कधी होत नाही. वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. दवाखान्यात नाव विचारलं तर ज्याच्या दंडात सुई जाणार आहे, त्यानंच सांगावं. झोपलं असेल तर उठवावं. नवरा, आई, सासू यांनी जीभ आवरावी. विहीणबाई, हे तुम्हाला पण सांगून राहिली.