मागच्या रेषेवरचा फोकस

इथले भुताखेतांचे अनुभव वाचून मी आजवर हसत आलोय. माझा धंदाच व्हिडिओ शूटिंगचा. चित्रात काही वेडंवाकडं दिसलं की आधी लेन्स पुसायची, मग वायर तपासायची, देव-भूत काही आठवायचं नाही... त्यामुळे 'कॅमेरा बिघडला असेल' असं लिहायला ज्यांचे हात शिवशिवतायत त्यांनी ते मनातच ठेवावं. तपासून झालंय.

१९९७-९८ ची गोष्ट. नाशिक रोडच्या एका शाळेतली सारिका नावाची मुलगी बॅडमिंटन खेळायची. नववीत होती. एका क्रीडा प्रबोधिनीला तिच्या खेळाची कॅसेट पाठवायची होती, त्यावर निवड होणार होती. तिची आई मंगलाबाई, शेतातला भाजीपाला आणून विकणारी बाई. मला म्हणाली, "भाऊ, चित्र चांगलं आलं पाहिजे. पोरीचं सगळं यावरच हाय."

शनिवारी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये गेलो. वाऱ्याने बॅडमिंटनचं फूल हलू नये म्हणून खिडक्यांना काळे पडदे, वर पिवळट पडलेल्या ट्यूबलाइट. अशा उजेडात शटरचा वेग वाढवला की चित्र लुकलुकतं, गेन वाढवून चित्र उजळ केलं की त्यात मुंग्या येतात. मी खेळाच्या सरांना म्हटलं, "दोन पडदे तरी उघडू द्या."

"लग्नाच्या शूटिंगची हौस इथे नको," सर म्हणाले. "आहे तसं घ्या. आणि शूटिंग आहे म्हणून आज बाजू बदलायच्या नाहीत. सारिका याच बाजूने खेळेल."

मी स्टेजवर, सारिकाच्या मागे, कॅमेऱ्याची तिपाई लावली; नेटपलीकडे शाळेतलीच दुसरी मुलगी खेळायला उभी होती. कोरा कागद धरून रंग जुळवले, कॅमेरा सुरू केला... आणि दोन्ही मुली धूसर. माझ्या त्या जुन्या कॅमेऱ्यात ऑटोफोकसवर लेन्सची रिंग डोळ्यांदेखत फिरायची, तिच्यावर फुटांचे आकडे होते. रिंग आठ फुटांवर थांबली होती. आठ फुटांवर नुसती रिकामी फरशी.

मी ऑटो बंद करून हाताने रिंग फिरवायला गेलो. ती फिरेना. म्हणजे अडकली नव्हती — माझ्या बोटांविरुद्ध कोणीतरी जोर लावत होतं. कसं सांगू... दार पलीकडून धरून ठेवावं तसं. मग ती स्वतःच सरकली. दहा. बारा. पंधरा. माझ्यापासून लांब, कोर्टाच्या दिशेने. फरशीचा तेवढाच पट्टा लख्ख दिसायचा, त्याच्या पुढचं-मागचं धूसर. पट्ट्यावर काहीही नव्हतं.

मागच्या रेषेपाशी पट्टा पोचला आणि सारिकाने खेळता खेळता वळून पाहिलं. फूल तिच्या खांद्यावर आपटलं.

"लक्ष कुठे आहे?" सर ओरडले. "एवढा माणूस बोलावलाय तो तुझा चेहरा टिपायला का?"

तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मी नजर वळवली.

"फोकसला अडचण आहे, कॅमेरा बाजूला घेतो," एवढंच मी सरांना सांगितलं. खरं म्हणजे मला त्या स्टेजवर उभं राहवत नव्हतं. तिपाई उचलून मी भिंतीकडेने नेटसमोर गेलो. तिथे रिंग लोण्यासारखी फिरली. चित्र असं स्वच्छ, की फुलाचं एकेक पीस दिसावं.

आणि सारिका सुटली. फूल मागे जाऊच देत नव्हती, उडी मारून हवेतच उचलायची, नेटला खेटून राहायची. सर घसा फोडून "मागे हो! मागे हो!" करत होते. ती झाली नाही. समोरच्या मुलीला तिने पाच गुणही घेऊ दिले नाहीत.

ती बाजूने घेतलेलीच कॅसेट आम्ही पाठवली. निवड झाली. मंगलाबाई घरी वांगी-टोमॅटोची पिशवी घेऊन आली, डोळ्यांत पाणी. मेन रोडच्या मेकॅनिकने कॅमेरा पूर्ण उघडला आणि परत दिला. म्हणाला, "कॅमेऱ्यात दोष नाही. पण ऑटोफोकसला समोर काहीतरी लागतं. हवेवर तो बसत नाही."

सात-आठ वर्षांनी निफाडला एका लग्नाच्या शूटिंगला गेलो तर पाहुण्यांत सारिका. खेळ कधीच सुटलेला, असं कोणीतरी सांगितलं. मी कौतुकाने म्हणालो, "तुझी ती कॅसेट अजून जपून ठेवलीय. तसा खेळ मी परत पाहिला नाही."

तिचा चेहरा कडक झाला. "जाळून टाका ती."

"का गं?"

"तुम्हाला कळलं होतं ना, काका? म्हणून तर कॅमेरा उचलून बाजूला झालात. मला सांगितलं नाहीत." आवाज चढवला नाही तिने, पण शेजारच्या बायका वळून बघायला लागल्या. "प्रबोधिनीत सगळे विचारायचे, तसा खेळ पुन्हा का होत नाही. काय सांगणार? मी त्या दिवशी खेळत नव्हते. मागच्या रेषेपासून लांब पळत होते."

ती निघून गेली, जेवायलाही थांबली नाही. तिथे काय होतं, तिला काय दिसलं, मी विचारू शकलो नाही. मला आजही काही माहीत नाही. पण मी तेव्हा तोंड उघडलं नाही, एवढं मात्र खरं.